मोठ्या मापाचा कॉम्प्युटर

केडगावच्या तमाम सुजाण नागरिकांस कळवण्यास अत्यंत अभिमान वाटतो, की नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या घरी जो कॉम्प्युटर आला, त्याचा प्रत्येक भाग मी स्वतः पारखून निवडला होता. आणि त्यातला प्रत्येक भाग मदरबोर्डावर बसायला नकार देत होता.

माझे वडील, अण्णा, शाळेचे गणवेश शिवत. एकदा नगरला एका व्यापाऱ्याच्या घरी पोरांची मापं घ्यायला गेले आणि तिथल्या कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत बघून आले. मापं राहिली तिथंच! घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, काचंच्या आत रस्ता हाय! गाडी आपन हाकायची, आन् डिझेल लागत न्हाई!"

मी नुकताच कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स केला होता. (त्यात कॉम्प्युटर मुख्यतः फळ्यावर असे.)

"तयार घेऊच नका," मी जाहीर केलं. "सुटे भाग आणून मी जोडते. स्वस्तात शर्यत!"

अण्णांनी गळ्यातली टेप सरळ केली. "चालला, तर तुझा पुढचा कोर्स पुन्याला. न्हाई चालला, तर माझ्याशेजारी बसून काजं-बटनं."

काजं-बटनं! त्या दोन शब्दांच्या धास्तीनं मी नगरच्या दुकानात शिरले. बाकीचे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड आधी घेतला, सगळ्यात स्वस्त म्हणून लहानसा. मग दुकानदार विचारू लागला.

"ताई, कॅबिनेट लहान की मोठं?"

आता शिंप्याच्या घरात एकच धर्म! कपडा बेताचा घ्यायचा नाही, वाढत्या अंगाचा घ्यायचा.

"मोठं!"

"मेमरी आखूड की लांब?"

"लांबच द्या. पुढं उपयोगी पडेल."

तो जरा घुटमळला. "बोर्ड बघून घेताय ना?"

"कोर्स केलाय," मी म्हणाले. बिचाऱ्यानं पावती फाडली.

घरी मदरबोर्ड चादरीवर ठेवला आणि सगळं घर भोवती जमलं. आई वाकून बघत राहिली. "विमानातनं गाव बघितल्यागत दिसतंय गं! ह्या गल्ल्या, ह्यो पाण्याचा हौद..." (आमच्यातलं कुणी विमानात बसलेलं नव्हतं. पण बसलं असतं, तर असंच दिसलं असतं.)

मग मी जोडायला घेतलं. कॅबिनेटमध्ये बोर्ड असा दिसत होता, जणू पहिलीतल्या पोराला मामाचा कोट घातलाय! स्क्रूची भोकं जुळेनात. विजेची पिन बोर्डाच्या तोंडात जाईना. आणि मेमरीची पट्टी खाचेपेक्षा चांगली अंगठाभर लांब!

अण्णांनी शांतपणे कात्री उचलली. "कुठून कापू?"

"अण्णा! ती मेमरी आहे!"

"मग थोडं विसरंल. मानसं विसरत न्हाईत व्हय?"

मी पट्टी पदराआड लपवली. मला काजं दिसू लागली. स्वप्नातली नाहीत, समोर टांगलेल्या शर्टांवरची!

शेवटी सगळा संसार पिशवीत भरून आम्ही पुन्हा दुकानात. अण्णांनी गल्ल्यासमोर उभं राहून न्याय मागितला. "माझ्याकडचा ड्रेस न्हाई बसला तर मी फुकट अल्टर करून देतो. तुमी बी करा!"

"काका, याला अल्टर नसतं हो," दुकानदार हसू दाबत म्हणाला. त्यानं सगळं मांडून बघितलं. "ताई, तुम्ही घेतलेलं बाकी सगळं नव्या पद्धतीचं आहे, एकमेकांना चालतंय. एकटा बोर्ड तेवढा जुन्या पद्धतीचा. तो बदलून देतो."

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले. (काही वाटलं नव्हतं!)

नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये असा बसला, की आईनं हात जोडले. रविवारी निम्मी गल्ली आमच्या खोलीत दाटली. दुकानदारानं शर्यत आत भरून दिली होतीच. मी बटण दाबलं. आतून घरघर झाली, काच उजळली, आणि तिच्यात खरोखरच एक रस्ता उमटला! लांबच लांब, दोन्ही बाजूंना डोंगर. जन्मभर सायकल चालवलेले अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले, त्यांनी कीबोर्डवर एक बोट दाबलं, आणि गाडी सुटली.

"अवो, सावकाश!" आईनं त्यांचा खांदा धरला. "वळन हाय पुढं!"

अण्णा डावीकडे कलले. त्यांच्याबरोबर सगळी गल्ली डावीकडे कलली. त्यांचे डोळे पहिल्यांदा जत्रा बघणाऱ्या पोरासारखे झाले होते. हीच वेळ, म्हणून मी कानाशी लागले.

"अण्णा, चालला ना? मग पुण्याचा कोर्स?"

"पाठवतो! कुठं म्हनशील तिथं पाठवतो! पर पोरी, ब्रेक कुठाय? ब्रेक!"

डोंगर अंगावर येत होता. गल्लीनं डोळे मिटले. मी कीबोर्डकडे बघितलं, कीबोर्डनं माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडून निघून गेलं,

"अण्णा, ब्रेक पुढच्या कोर्सला शिकवतात!"