भोक कुठे पाडू?

“ताई, भोक कुठे पाडू?” सुतार ड्रिल हातात धरून विचारत होता आणि मी आमच्या नव्या घराच्या कोऱ्या भिंतीकडे नुसती बघत उभी होते.

बावीस वर्षं भाड्याच्या घरांत गेली. नवा खिळा ठोकायचा नाही, ही प्रत्येक घरमालकाची अट. आधीच्या भाडेकरूचा खिळा असेल तिथेच आपलं घड्याळ, आपलं कॅलेंडर. आता लेक फोनवर सजवलेल्या घरांचे फोटो पाठवते आणि म्हणते, “आई, आधी तुझी स्टाईल ठरव.” पडदे आणि रंग बघूनच मी दमले आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, की मग आपल्याला काय आवडतं हे आपणही स्वतःला विचारायचं सोडून देतो.

लावायचा होता आरसा. दर घरात तो कुणा उंच माणसाच्या खिळ्यावर लटकायचा आणि मी टाचा उचलून भांग पाडायचे. मी टाचा टेकवून भिंतीशी उभी राहिले आणि डोळ्यांसमोर पेन्सिलने खूण केली.

“माझा चेहरा इथे दिसला पाहिजे.”

“अगं, मला वाकावं लागेल,” नवरा म्हणाला.

“मग वाका.”