एकच डोस

आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात परवा फ्लूची लस देत होते. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांना दम्याचा त्रास असावा. थोडं चाललं की ते खुर्चीची पाठ धरून थांबत. त्यांची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एकच डोस उरलाय. बाकीचे पुढच्या आठवड्यात येतील. कोणाला देऊ?"

"हिला द्या," आजोबा म्हणाले. "मी घरातच असतो. भाजी, औषधं, सगळं हीच आणते. दुखणं घरात आलं तर हिच्याबरोबरच येणार."

"अहो, तुमची छाती आधीच अशी! मला काय होतंय?" आजी म्हणाल्या.

दोघांचंही खरं होतं. मी मनातल्या मनात एकदा आजोबांना पुढे केलं, एकदा आजींना, आणि दरवेळी कुणीतरी एक उघड्यावर राहत होतं. आधी कोणाला, हे ठरवताना वय विचारतात, आजार विचारतात. एकाच घरात श्वास घेणाऱ्या दोघांना वेगळं कसं करायचं?

शेवटी बाईंनी आजोबांनाच टोचलं.

बाहेर पायऱ्यांपाशी आजोबांनी सवयीने हात पुढे केला. आजींनीही केला, आणि एकदम मागे घेतला.

"कठडा धरा तुम्ही. लस लागू पडायला वेळ लागतो म्हणाल्या ना बाई."

आजोबा कठड्याला धरून उतरू लागले. तोंडावर पदर धरून आजी मागून निघाल्या. ते डगमगले की त्या झटकन जवळ जात, आणि लगेच मागे सरत.