बूट दारातच काढा

आज घडलेलं डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इंग्लंडमध्ये, स्लाऊला आमच्या शेजारी ग्रेस राहते. ब्लॅक आहे, पंधरा वर्षांच्या भाचीला एकटी सांभाळते. पोरीची कोर्टात केस चालू आहे. आज दोघींना अशा केसमधल्या कुटुंबांच्या सपोर्ट ग्रुपला गाडीने सोडायचं होतं, म्हणून आधी चहाला बोलावलं.

आपल्याकडे चप्पल-बूट दारातच. ग्रेसने काढले. पोरीला मी सवयीने म्हटलं, "शूज इथेच हं."

ती थिजलीच. ग्रेस हळूच म्हणाली, "पोलिसांनी घरी येऊन हिला अनवाणी नेलं होतं. तेव्हापासून ही बूट घालूनच झोपते."

पंधरा वर्षांच्या पोरीला अनवाणी? मी तिला बुटांसकट आत घेतलं.

चहा ओतत होते तेवढ्यात बेल वाजली. पोरीने माझा दंड करकचून धरला. "ते आले!"

दार उघडताना मीही टरकले होते. पार्सलवाला होता. वळून बघते तर ग्रेस घाईघाईने बूट पायात चढवत होती.

आणि माझी लेक, त्याच वयाची, जिन्यावरून अनवाणी धावत आली. "आई, माझं पार्सल!"

तुमच्या घरी बेल वाजली की मुलं कुठे धावतात?