आंघोळ घातलेली जोडी

पेठच्या भिमाजीला अभिमान दोनच गोष्टींचा. एक हिरा बैल, आणि दुसरी त्या हिऱ्याने लोणीच्या शर्यतीच्या घाटात मेहुण्याचा गाडा मागे टाकला त्याचा व्हिडिओ. हिरा पोळ्यानंतर गेला. व्हिडिओ मात्र पावण्याने उंबऱ्यात चप्पल काढायच्या आत टीव्हीवर सुरू व्हायचा. लोक चहाच्या आशेने बघत. चहा चांगला असतो, खोटं कशाला बोला!

मोबाईल एकदा विहिरीत पडता पडता वाचला, तेव्हा लेक तेजस्विनीने पुण्याहून एक काळी पेटी आणली. वायफायला जोडलेली, आत दोन डिस्क. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ मोबाईल रिकामा करून तिच्यात जाऊन बसायचे.

"आप्पा, ही जोडी आहे. एक बसली तरी दुसरी गाडा ओढती."

"आन दोन्ही बसल्या तर?"

"म्हणून तर सुभाषमामाकडं लोणीला दुसरी पेटी ठेवलीय. इकडचं सगळं इंटरनेटवरून तिकडं उतरतं."

"हरलेल्याच्या घरात माझा हिरा? त्यो पुसून टाकील की!"

"निम्मं बियाणं आत्याकडं ठेवता ना? तसंच हे."

भिमाजीने मान डोलावली. पटलं मात्र तिळाइतकंही नाही.

मग आली खंडेनवमी. भिमाजीच्या कारभारणीने, साळुबाईने, राबणारं सगळं ओट्यावर काढलं: कोयते, खुरपी, नटबोल्टचे पाने, फवारणीचा पंप. पेटीही काढली, ती काय कमी राबत होती? सगळ्यांसारखं तिच्यावरही तांब्याभर पाणी पडलं. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, आणि साळुबाईने भक्तिभावाने वायर पुन्हा खोचली. फट्ट! जोडी एकदमच बसली.

भिमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोवर ओरडावं, तर तिने देवाचंच केलेलं. शेवटी त्याने लोणीला फोन लावला. एरवी 'सुभ्या' म्हणणारा माणूस, आज जिभेला मध लावून बोलला.

"सुभाषराव, हिऱ्याची बारी हाय का वो तुमच्या पेटीत?"

"कंची बारी, दाजी?"

"ती... तुमचा गाडा मागं राहिला ती."

"आमचा? आसं कधी झाल्यालं न्हाई, राव!"

"सुभाष, माझा बैल गेलाय रं. त्येवढंच उरलंय."



"मंग कबूल करा. त्या दिवशी आमचं बैल आजारी व्हतं."

"व्हतं. लई आजारी व्हतं."

दसऱ्याला सुभाष आपट्याची पानं घेऊन आला, आणि काखेत ती पेटी. टीव्हीला जोडली तर पहिलाच निघाला हिरा, धूळ उडवत.

"पुसलं न्हाई व्हय?" भिमाजीने विचारलं.

"कशाला पुसू? रोज जेवताना बघतो म्या. आसा बैल आमच्या दावणीला कुठला!"

भिमाजीने पटकन डोळे पुसले आणि धुळीवर ढकललं. टीव्हीतल्या धुळीवर!

हल्ली पेठला पावणा आला की व्हिडिओ लागतोच. फक्त आधी यजमान घसा खाकरून सांगतो, "ह्यात मेव्हण्याचं बैल आजारी हाय बरं का." आणि आतून साळुबाई विचारते, "चहा टाकू, का पेटी धुऊ?"