एका रांगेत लावलेले दगड

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि पुरतात. पेठेतल्या चार दुकानदारांनी समाजाचं मंडळ काढलं तेच मुळी या जागेसाठी. विश्रांतवाडीच्या पुढची खडकाळ जमीन, फुकट दिली तरी कुणी घेतली नसती. माती जिथे मऊ लागेल तिथे माणूस बसवायचा, वर एक दगड ठेवायचा. दगड वाकडेतिकडे, पण ज्याचा त्याच्या डोक्यावर. माझी आई चिंचेखाली होती.

मग कॉम्प्युटरवाले आले आणि शेजारी फ्लॅट उभे राहिले. बाल्कनीतून थडगी दिसतात, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. जागा आमची, आणि आधीपासूनची. पण आमच्या मंडळाला कणा असता तर काय हवं होतं! अध्यक्षांनी बटाटेवडे मागवून बैठक घेतली आणि सुशोभीकरणाचा ठराव केला. सगळे दगड उचलून पूर्वेच्या भिंतीलगत एका रांगेत लावले, त्यांना चुना फासला. मधे गाड्या लावायला फरशी घातली, कडेला मंगल कार्यालय बांधलं. वऱ्हाडाच्या गाड्यांवर पाला पडतो म्हणून चिंचही तोडली. दगड सरकवले की खालची माणसंही उठून त्यांच्यामागे जातात, असा मंडळातल्या या पदवीधरांचा समज असावा.

वडिलांचं शेवटचं मागणं एवढंच होतं, "मला तिच्या शेजारी बसव."

ते गेले त्या सकाळी मी अध्यक्षांकडे गेलो.

"अहो, त्यात काय एवढं? आईंचा दगड आहे ना भिंतीला, त्याच्या शेजारी बसवू."

"दगड तिथे आहे. आई चिंचेखाली आहे."

"मग चिंच कुठे होती ते दाखवा, लगेच फरशी काढून देतो."

मी त्या फरशीवर जाऊन उभा राहिलो. सगळीकडे सारखीच लाल-करडी नक्षी. बोट कुठे दाखवावं ते मला कळेना, आणि घरी तर मयत खोळंबलेलं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. दुपारी त्यांच्याकडे साखरपुडा होता.

शेवटी वडिलांना भिंतीलगतच बसवलं. आमच्यात बसवताना तोंड पूर्वेला करतात. त्यामुळे वडील आता भिंतीकडे बघत बसले आहेत आणि आई त्यांच्या पाठीमागे कुठेतरी, गाड्यांखाली आहे.