चांगल्या माणसाची गाडी

माझ्या वडिलांना गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी विकणारा माणूस आपल्याला बरोबर ओळखता येतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गाडीत काय बघायचं? लोखंड सगळीकडे सारखंच. माणूस बघायचा." बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत हे विधान कुणाला चमत्कारिक वाटलं नाही. डॉक्टर, शिंपी, भाडेकरू आणि आंबेवाला हे सगळे आमच्याकडे याच कसोटीवर निवडले जायचे. आंबे बऱ्याचदा आंबट निघायचे, पण आंबेवाला सज्जन होता.

गाडी हवी होती आईसाठी. तिचे गुडघे गेले होते. स्कूटरवर मागे बसणं केव्हाच बंद झालं होतं आणि एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. करजणला तिची थोरली बहीण अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. सुरुवातीला फोनवर मावशीचं निम्मं बोलणं कळायचं, मग तुटक शब्द आणि मधूनमधून नुसता आवाज. आई रिसीव्हर कानाला घट्ट धरून "हो गं, येते, येते" म्हणत राहायची आणि फोन ठेवला की आम्हा दोघांकडे बघायची. "तिला थोडं तरी बोलता येतंय तोवर मला एकदा पोचवा," एवढंच तिचं मागणं होतं. करजण म्हणजे काही विलायत नव्हे, हायवेला लागलं की आलंच. मी म्हटलं, टॅक्सी करू. वडील म्हणाले, "भाड्याच्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरायचं? आता आपली गाडी येतेच आहे." मी शाळेत शिकवत होते आणि घरात लायसन फक्त माझ्याकडे होतं, म्हणजे चालवणार मी, बसणार आई आणि निवड करणार वडील.

पहिली गाडी करजणच्याच एका कापसाच्या व्यापाऱ्याची होती. तो रोज त्या गाडीनं बडोद्याला ये-जा करायचा. कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी त्यानं ती आणून उभी केली. सीट एका बाजूला उसवलेली, पायाखाली माती, समोर लिंबू-मिरची आणि आतमध्ये फाफड्याचा वास. उतरता उतरताच त्यानं क्लच झिजल्याचं आणि सायलेन्सर बदलल्याचं सांगायला सुरुवात केली.

"साहेब, क्लच घसाई गयो छे, नवो नखाववो पडशे. सायलेन्सर में बदल्युं छे. बीजुं कंई नथी. तमारा मेकॅनिकने बतावो, चलावी जुओ, पछी वात."

मी चालवून बघितली. एका चावीत सुरू झाली, चढावर कुरकुरली नाही, ब्रेक दाबला तिथे थांबली. सीट उंच असल्यामुळे आई कुणाचाही हात न धरता आत बसली, तशीच बाहेर आली आणि खुश होऊन म्हणाली, "सरस आहे हो ही. मला जमतंय." सोसायटीच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानंही खाली वाकून बघितलं आणि घ्या म्हणून सांगितलं. वडील मात्र गाडीकडे फिरकलेच नाहीत. ते व्यापाऱ्याला त्याचं मूळ गाव, त्याचे वडील काय करायचे, मुलगा किती शिकला, हे विचारत होते. मुलगा शिक्षण सोडून दुकानात बसतो असं त्यानं हसत हसत सांगितलं, तेव्हाच मला कळलं की सौदा बुडाला.

तो गेल्यावर वडिलांनी निकाल दिला. "आपल्या मालाचे दोन दोष जो न विचारता सांगतो, त्यानं न सांगितलेले किती असतील, याचा विचार करा."

मी विचार केला आणि मला घेरी यायची वेळ आली. या हिशेबानं जगातला सगळ्यात विश्वासू माणूस म्हणजे जो काहीच सांगत नाही तो. आणि तसा माणूस रावपुऱ्यात निघालाच.

हे गृहस्थ निवृत्त होते, मराठी होते आणि त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आमचेही पणजोबा होते. एवढ्यावर गाडीची अर्धी तपासणी झाली. जायच्या आधी मी गॅरेजवाल्याला बरोबर घेऊ या म्हटलं, तर वडील माझ्याकडे बघतच राहिले. "भल्या माणसाच्या दारात मेकॅनिक घेऊन जायचं? त्याला काय वाटेल?" म्हणून आम्ही मेकॅनिकऐवजी पेढे घेऊन गेलो.

चहा झाला, चिवडा झाला, आजोबा झाले. कुणाच्या आजोबांना दरबारात कितवी जागा होती, कुणाला पोशाख मिळाला, कुणी कुठल्या साहेबाला सडेतोड उत्तर दिलं. संस्थान जाऊन कैक वर्षं झाली होती, गुजरात राज्य होऊनही बराच काळ लोटला होता, पण त्या दिवाणखान्यात दोघांची नेमणूक अजून चालू होती. आई गुडघा चोळत बसली होती. शेवटी मीच म्हटलं, "गाडी बघू या का?" आणि दोघांनीही, मी फारच व्यवहारी बोलले अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. अंगावर शिवून घेतलेली जाड खोळ. खोळ काढली आणि आतून जी गाडी निघाली तिच्यावर ओरखडा म्हणून नव्हता. सीटवर लोकरीचे विणलेले रुमाल, मागच्या काचेला झालर.

"कधी गावाबाहेर नेली नाही," गृहस्थ म्हणाले. "पावसात काढली नाही. उन्हात उभी केली नाही."

"मग काढली केव्हा?" मी विचारलं.

"दसऱ्याला. पूजेसाठी."

टायरांवर कुंकवाचे थर साचलेले मला दिसत होतेच. पुढे बोलता बोलता असंही कळलं की दसऱ्याला गाडी चार माणसं ढकलून अंगणात आणतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि ढकलून परत आत नेतात. वडिलांचा चेहरा उजळला. मी बॉनेट उघडायला सांगितलं. वडिलांनी माझं कोपर इतकं जोरात दाबलं की मी गप्प झाले. "चांगल्या घरी असलं काही करत नाहीत," ते माझ्या कानाशी पुटपुटले. तरीही मी चावी फिरवलीच. गाडी खोकली, थरथरली आणि पुष्कळ विनवण्यांनंतर सुरू झाली. "परक्यांसमोर जरा बुजते," गृहस्थ म्हणाले आणि दोघेही मनापासून हसले. सीट खोल होती. आईला आत बसवायला मी एका बाजूनं आणि घरच्या बाई दुसऱ्या बाजूनं, असा हातभार लागला. पण त्याच बाईंनी नुकतंच तिला कुंकू लावून ओटी भरली होती, तेव्हा आई तरी काय बोलणार? गाडी ठरली.

रविवारी करजणला निघालो. आईनं मावशीसाठी गव्हाची खीर केली होती, तिला गिळता येईल अशी पातळ. मकरपुरा मागे पडेपर्यंत वडील मागच्या सीटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे दयेनं बघत होते. पोर नावाच्या गावाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन जी बसली ती उठली नाही. वर्षानुवर्षं उभी राहून तिच्यातलं रबर पापडासारखं वाळलं होतं. नळ्या तडकल्या होत्या, टाकीतला गंज पेट्रोलबरोबर पुढे आला होता. वडील खाली उतरले, खिशातून रुमाल काढून त्यांनी गाडीवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "ऊन फार आहे आज. बिचारीला सवय नाही." बडोद्याकडे परत जाणारा एक टेम्पो थांबला. त्यात चढताना आईचा गुडघा मुरगळला. खीर माझ्या मांडीवर होती, ती तशीच घरी परत आली.

मग गाडी ओढून आणली आणि गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. या रविवारी नळ्या, त्या रविवारी ब्रेक, पुढे टाकी. मधल्या काळात वडील ज्याला त्याला सांगत फिरत होते की गाडी खानदानी आहे, फक्त रस्त्याची सवय व्हायला वेळ लागतोय. करजणहून मावसभावाचा फोन आला. मावशी आता बोलत नाही, दाराकडे बोट दाखवते, असं तो म्हणाला. आईनं रिसीव्हर ठेवला आणि बराच वेळ हात त्याच्यावरच राहू दिला. मला इतका राग आला होता की वडिलांच्या ताटात पोळी वाढायला नको वाटत होतं.

त्याच संध्याकाळी पुन्हा टेलिफोन वाजला. रावपुऱ्याहून, खुद्द गाडीवाले गृहस्थ. गाडी कशी काय चालते आहे, अशी आपुलकीची चौकशी.

"अहो, लोण्यासारखी!" वडील खुलून म्हणाले. "तक्रार? छे छे, भलतंच काय! तुमच्या हातची गाडी. परवाच करजणला जाऊन आलो."

आई शेजारीच खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून. वडिलांनी फोन ठेवला. ती ओरडली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "आमच्या बाबांनीसुद्धा तुमचं घराणंच बघितलं होतं."

आई माझ्याकडे वळली. "सकाळी नाक्यावरची रिक्षा बोलाव. करजणपर्यंत येईल का विचार."

रिक्षावाला यायला तयार झाला. निघताना वडीलही येऊन बसले, म्हणून मी आणि ते कडेला सरकलो आणि आईला पाय लांब करायला जागा दिली. हायवेवर रिक्षा खडखडत होती, ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते, आणि आई समोरची दांडी धरून बसली होती.

मावशीनं तिला ओळखलं. बोलता येत नव्हतं, पण चालत होता तो एक हात तिनं आईच्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि मानेनंच विचारलं, हे काय? आई ढसाढसा रडायला लागली. मीही रडले. मावसभाऊ पाणी आणायला आत धावला. वडील चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे होते, आणि त्यांना आत या म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.