म्हशीची सुई

ती सुई माझ्या बोटाला टोचली नव्हती, तरी आजही आठवली की बोट आपोआप तोंडात जातं.

हिंजवडीत नुकत्याच काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या, त्या काळातली गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण, दोघी एकाच चौकीत हवालदार. नाव सांगत नाही, ती वाचेल आणि म्हणेल, "झालं, लिहिलंस का शेवटी!" बाजारातल्या एका दुकानात एका बाईचं मंगळसूत्र गेलं. संशयावरून चार बायका आणल्या. बाईची झडती बाईनंच घ्यायची, म्हणून आम्हा दोघींना हाक. पिशवी टेबलावर उलटी करायची आणि मग बघायची, अशी आमची रीत. त्या दिवशी टेबलावर साहेबांचा चहा होता. मैत्रिणीनं सरळ हात घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. बोटावर रक्ताचा ठिपका. पिशवीत इंजेक्शनची सुई.

"ही कशाची?" विचारलं, तर जिची पिशवी ती बाई म्हणाली, "माझी न्हाई." तेवढ्यात मंगळसूत्र दुकानातच गादीखाली सापडलं. बायकांना सोडलं. ती बाई पिशवी घेऊन गेली आणि सुईही तिच्याबरोबर गेली. मग कोणीतरी म्हणालं, गर्दुल्ल्यांच्या सुया असतात, त्यानं एड्स होतो. झालं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "सुई टोचली म्हणजे लागण झाली असं नसतं. आज तपासू, पण आजच्या रिपोर्टवर थांबता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा." त्यांना काय जातं सांगायला! तीन महिने म्हणजे केवढे, ते मी तिच्या तोंडाकडे बघून मोजले. ती स्वप्नात चालल्यासारखी ड्यूटी करायची. घरी दोन वर्षांची मुलगी. नवऱ्याला पाठदुखीचं सांगून ही वेगळ्या चटईवर झोपायची, मुलीचा पापा घ्यायची नाही. मला म्हणाली, "अगं, रोज तेच स्वप्न पडतं. धुकं असतं, धुक्यात पोरगी हाक मारते, आणि मला हातच नसतात."

चौकीत बातमी झाकून राहत नाही. तिचा डबा उघडला की एकेकाला उपवास आठवायचे. सोमवारचे, मंगळवारचे, बुधवारचेसुद्धा. मी म्हटलं, "काय हो, चौकीत एकदम एवढं पुण्य कुठून आलं?" आणि तिच्याच भाकरीचा तुकडा मोडला. ती हळूच म्हणाली, "नको गं." मी म्हटलं, "ठेचा पुढे कर."

पण नुसतं जेवून भागणार नव्हतं. सुई कोणाची, ते कळायला हवं होतं. बाईनं दिलेला बिबवेवाडीचा पत्ता खोटा निघाला. मग बाजारातल्या चहावाल्याला विचारलं. तो आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "मॅडम, ती मांजरी गावच्या दुधाच्या टेम्पोतून येते. अंगाला शेणाचा वास, तुम्हाला आला नाही?" पोलिसांचं नाक असंच, चोराचा वास येतो, शेणाचा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही साध्या वेषात मांजरीला गेलो. उसाच्या फडांवर धुकं असं साचलं होतं की तुरे नुसते वर तरंगत होते. मैत्रीण थांबली. म्हणाली, "हेच धुकं." मी तिचा हात धरला. हात होता, गार होता, पण होता.

बाई गोठ्यात सापडली. आम्हाला ओळखलं आणि पांढरी पडली. मी सगळे डाव टाकले. दरडावलं, गोड बोलले, "सगळं माहीत आहे आम्हाला" म्हणून बघितलं. एकच उत्तर: "सुई? कसली सुई? म्हशीची शपथ, मला ठावं न्हाई."

तेव्हा मैत्रीण तिच्यासमोर शेणातच उकिडवी बसली. बोट पुढे केलं. "अहो, मला लहान मुलगी आहे. या बोटापायी मी तिला जवळ घेत नाही. तुम्हाला पकडायला नाही आले मी. ती सुई कोणाला टोचता, एवढंच सांगा."

बाई बोटाकडे बघत राहिली. मग उठली, वळचणीतून फडक्यात गुंडाळलेली सुई काढली. चांगली जाड, जनावराची. "पिशवीत हीच व्हती, औषिद आणाया गेलते तवा. हिला टोचते," तिनं म्हशीकडे बोट केलं. "वासरू मेलं तवापासनं पान्हा सोडंना. पान्ह्याच्या इंजेक्शनाला बंदी हाय म्हणत्यात. म्हस न्याल म्हणून बोलले न्हाई, बाई."

"माणसाला कधी?"

"माणसाला कशापायी? माणसं काय दूध देत्यात?"

मैत्रीण आधी हसली, मग त्या म्हशीच्या गळ्यात पडून रडली. म्हशीनं तिच्या खांद्यावर लांब श्वास सोडला. बाईनं चहा केला, बशीत ओतून तिच्या हातात दिला. निघताना मी बजावलं, "ते इंजेक्शन बंद करा. पुढच्या वेळी गणवेशात येईन."

घरी पोचल्यावर मुलीला तिनं इतकं घट्ट धरलं म्हणे, की पोरगीच ओरडली. डॉक्टरांनी मात्र तीन महिन्यांची तपासणी सोडली नाही, आणि बरोबरच केलं. रिपोर्ट स्वच्छ आला, हे सांगून टाकते.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? एक, पिशवी आधी उलटी करावी, टेबलावर साहेबांचा चहा असला तरी. दुसरं असं की दरडावून जबाब मिळतो, पण खरं बोलायला समोरच्याची भीती आधी उतरवावी लागते. मैत्रिणीनं आपली भीती उघडी केली, तेव्हा त्या बाईची उतरली.

पण मला जास्त आठवतो तो रिपोर्टाआधीचा दवाखान्यातला बाक. बाहेर चिंचेची पानं गळत होती. तिनं विचारलं, "अगं, तरीही आलाच वाईट, तर?"

"तर उद्या डब्यात काय आणशील?"

तिनं खरंच विचार केला. "शेंगदाण्याची चटणी. आणि बाजरीची भाकरी."

"दोन जास्त आण," मी म्हटलं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.